नऊ घरांचं आयसिंग

२ मार्च, सकाळी ११.१०
आजपासून रोजनिशी. आधीच्या चार वह्या चार गावांत राहिल्या, त्यातली एक बहुधा ट्रकमध्ये. ही वही ताईच्या वर्कशॉपमधली. पहिल्या सहा पानांवर तिने ग्लेझची, म्हणजे मातीच्या भांड्यांवरच्या चकचकीत लेपाची, मापं लिहिली आहेत. फाडली नाहीत. तेवढी समज आहे आपल्याला.

संकल्प. एक, रोज सातला उठणे (उद्यापासून, आज अकरा होऊनच गेलेत). दोन, एका वेळी एकच काम. तीन, चहा घेऊन आल्यावर लिहितो.

दुपारी ३
तिसरा आठवत नाही.

परिस्थिती अशी. परवा ताईच्या उजव्या मनगटाचं ऑपरेशन. वीस वर्षं माती मळून नस दबली आहे. सहा आठवडे मातीला हात लावायचा नाही. आणि नेमकी आत्ताच बेकरीवाल्या बाईंची ऑर्डर आली आहे. दुकानाच्या काचेत ठेवायला जिंजरब्रेडची नऊ घरं, पण मातीची, भट्टीत भाजलेली. दरवर्षी त्या खरी ठेवतात, बिस्किटाची. ती दहा दिवसांत मऊ पडतात, छप्पर खाली येतं, मुंग्या लागतात. गेल्या खेपेला एका घरात उंदीर राहायला आला आणि गिऱ्हाइकांना वाटलं तोही सजावटीतलाच. म्हणून मातीची. पण हुबेहूब. तोच तपकिरी रंग, वर पांढरं आयसिंग, छपराच्या कडेने ओघळलेलं. बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटलं पाहिजे, असं बाईंचं म्हणणं.

ही घरं पसंत पडली तर बेकरीच्या नव्या दुकानाच्या सगळ्या कपबशा आणि ताटल्या ताईकडे. वर्षभराचं काम, घरबसल्या. ताई म्हणाली, एवढं जमलं तर टेम्पोत खोकी भरून प्रदर्शनं करत हिंडायला नको, हा हात आता खोकी उचलायचा नाही. हे ती माझ्याकडे न बघता हाताकडे बघत म्हणाली.

मी म्हणालो, मी आहे ना.
भावोजी म्हणाले, तीच तर काळजी आहे. भावोजींचे विनोद हे असे.

३ मार्च
ताईने दुखऱ्या हाताने नऊही घरं उभी केली आहेत. मातीच्या पोळ्या लाटून, भिंती कापून, जोडून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून फळीवर ओळीने. माती अजून ओलसर आहे, चामड्यासारखी. माझं काम फक्त आयसिंग. पांढरी पातळ माती पिशवीत भरायची, नळीतून पिळायची, नक्षी काढायची. मग वाळवायचं, मग भट्टी. म्हणजे बांधकाम तिचं, कला माझी. असं मी मोठ्याने म्हणालो नाही.

तिने तासभर समजावलं. लक्षात राहिलेलं: झाकण उघडं टाकू नकोस. घर ओलसर आहे तोवरच आयसिंग कर, वाळल्यावर केलंस तर भट्टीत गळून पडेल. बाकीचं कागदावर लिहून भिंतीला लावलंय. कागद बराच मोठा आहे. सवडीने वाचीन.

डब्यांची भानगड. बेकरीवाल्या बाई आपले रिकामे डबे ताईला देतात. ताईची सगळी माती, सगळी ग्लेझ त्याच डब्यांत. फळीवर वीस पांढरे डबे, विसांवर 'आयसिंग' असं छापलेलं. ताईला कशात काय ते झाकण न उघडता कळतं. मला म्हणाली, आपल्या डब्याच्या झाकणावर निळा ठिपका आहे, तेवढा बघ म्हणजे झालं. मी म्हणालो, ताई, मी काही लहान नाही.

४ मार्च
ऑपरेशन चांगलं झालं. ताई बारा दिवस आईकडे. इथे राहिली तर डाव्या हाताने चिखलात बसेल, असं डॉक्टरांनाही पहिल्या भेटीत कळलं.

भावोजी दिवसभर गोदामात. घरात मी आणि आप्पा. आप्पा म्हणजे भावोजींचे वडील. त्यांना शुगर आहे. ताईने साखरेचा डबा कपाटात घालून कुलूप लावलं आणि किल्ली बरोबर नेली. दोघंही फिका चहा पितो. आप्पा माझ्याकडे असं बघतात, जसं काही त्यांची शुगर मीच वाढवली.

आज सुरुवात करणार होतो. पण कामाच्या आधी विचार हवा. लक्षात आलं की अशी घरं जगात फार कमी लोक करतात. आपला चॅनेल काढला तर? नाव सुचेपर्यंत चार वाजले. मग लोगो. लोगोतलं धुराडं वाकडं येतंय.

६ मार्च
कालचं लिहायचं राहिलं. एकाकडे मोटरसायकल बघायला गेलो होतो. घ्यायची नव्हती, नुसती बघायची होती. येताना बस चुकली.

आज डबा उघडायला गेलो तर उघडाच. कोणीतरी झाकण लावलं नव्हतं. पांढऱ्या मातीचे गोळे झालेले. तरी पिशवीत भरली, पिळली. नळी तुंबली. आणखी जोर लावला. पिशवी मागून फुटली. भिंतीवरच्या कागदावर ताईच्या पहिल्या सात सूचना आता दिसत नाहीत. खालच्या चार दिसतात, पण वरच्यांशिवाय त्यांना अर्थ नाही.

मग पाणी घातलं. फार पातळ झालं. छपरावरून सरळ खाली. वितळत्या बर्फासारखं दिसत होतं, ही एक शैली होऊ शकते. पुसून काढलं. आणखी थोडं पाणी, थोडा व्हिनेगर (कुठेतरी ऐकलं होतं), ढवळून झाकून ठेवलं. मुरू दे. मातीला वेळ द्यावा लागतो, घाईची माणसं या धंद्यात टिकत नाहीत.

७ मार्च
मुरू दिलं.

दुपारी झोपलो असताना बेकरीतून कोणीतरी काहीतरी देऊन गेलं. आप्पांनी घेतलं आणि वर्कशॉपमध्ये ठेवलं म्हणे. काय होतं विचारलं तर म्हणाले, डबा. आप्पा तसे मोजकंच बोलतात.

संध्याकाळी बाईंचा फोन. नमुना पोचला का, तो बघून करा, म्हणजे पोत नीट कळेल. मी म्हणालो, हो हो. कसला नमुना ते विचारायचं राहून गेलं. विचारलं असतं तर वाटलं असतं याला काही माहीत नाही.

८ मार्च, सकाळी १०.३०
जमलं!!
टेबलावर डबा, उघडून बघतो तर लोण्यासारखं मऊ. एक गाठ नाही. पांढरंशुभ्र. एका रात्रीत एवढा फरक. पाणी आणि व्हिनेगरचं माप मी लिहून ठेवलं नाही याचं वाईट वाटतंय. झाकणावरचा निळा ठिपका पुसला गेलाय, परवा मी बरंच पाणी सांडलं होतं.

पिशवीत भरलं. पिळलं. सरळ रेघ. मग नागमोडी. मग छपराच्या कडेला थेंब, एकेक टोकदार, लोंबता, जागच्या जागी थांबलेला. माझेच हात मला ओळखू येईनात. काही माणसांचा हात असाच एकदम बसतो. त्यासाठी वीस वर्षं लागतात हे लोकांचं म्हणणं.

संध्याकाळपर्यंत दोन घरं पूर्ण. खिडक्यांना महिरपी, दाराला गोल गाठी.

आप्पा दुपारी येऊन बसले. पहिल्यांदाच. म्हणाले, बघतो जरा. मी पिशवी भरत होतो. त्यांनी डब्याच्या कडेला लागलेलं बोटावर घेतलं, बोट तोंडात घातलं आणि डोळे मिटले. मी म्हणालो, आप्पा, माती आहे ती. ते म्हणाले, असू दे, या वयात माती चांगली. डोहाळे फक्त बायकांनाच लागतात असं नाही, हे नवीन कळलं.

९ मार्च
ताईला फोटो पाठवले. लगेच फोन. हे तू केलंस? तूच? मी म्हणालो, दुसरं कोण करणार, आप्पा? (आप्पा समोरच होते. हसले नाहीत.) ती म्हणाली, अरे, कडा किती धारदार आल्यात, मला हे थेंब जमायला तीन वर्षं लागली. जरा जास्तच चकाकतंय, ओलं आहे का अजून? मी म्हणालो, ओलं आहे. मग ती आईला फोटो दाखवायला गेली, आणि फोन चालूच राहिला. आई म्हणत होती, बघ, मी म्हणत नव्हते, त्याच्या हाताला काम मिळत नव्हतं म्हणून. ताई म्हणाली, आई, कपबशांचं काम मिळालं तर मी त्याला जवळच ठेवून घेणार आहे.

मी फोन बंद केला नाही. ऐकत राहिलो.

१० मार्च
संकल्प: आता हेच करायचं. कुठे जायचं नाही. मोटरसायकलवाल्याला कळवलं. तो म्हणाला, तुम्ही कोण?

पाच घरं झाली. डबा संपला. आता पुन्हा तसंच मुरवायचं म्हणजे पंचाईत, माप कोणाला माहीत. आप्पा म्हणाले, थांब, मी बघतो. त्यांनी आतल्या खोलीत जाऊन दार लावून कोणाला तरी फोन केला. दुपारी दारात दोन भरलेले डबे हजर. तेच, तसंच मऊ. मी विचारलं, आप्पा, पांढऱ्या मातीवाल्याशी तुमची ओळख कशी? म्हणाले, या वयात ओळखीच कामाला येतात. या माणसाला मी आजवर ओळखलंच नव्हतं.

त्यातला एक डबा ते 'हिशेबाला' म्हणून आपल्या खोलीत घेऊन गेले.

११ मार्च
मुंग्या. फळीवर दोन ओळी, एक येणारी, एक जाणारी. सगळ्यात जास्त तिसऱ्या घरावर, म्हणजे जिथे माझी नक्षी सगळ्यात खरी आहे तिथे. मुंगीचीही फसगत होते म्हणजे काम काय दर्जाचं असेल! व्हिडिओ काढला. मग खडूची रेघ ओढली. आप्पा मुंग्यांवर इतके चिडले की मला आश्चर्य वाटलं. एकेक उचलून टाकत होते.

१२ मार्च
नऊ पूर्ण. एका घराच्या धुराड्यावरचं आयसिंग गायब आहे, पाठीमागचं. दुसऱ्याच्या कुंपणाचे तीन खांब नाहीत. मी काढलेच नव्हते की काय? पुन्हा काढले.

भावोजी रात्री जेवताना म्हणाले, आप्पांची शुगर अचानक वाढली, डॉक्टरांना कळेना, साखर तर कुलपात आहे. मी म्हणालो, टेन्शन असेल. आप्पा म्हणाले, टेन्शनच. भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, तू आल्यापासून. मी जेवत राहिलो. कलावंताला घरात कोणी समजून घेत नाही.

१३ मार्च
वाळवण. आयसिंगला बारीक तडे गेलेत. खऱ्या आयसिंगलाही जातात. ताईला फोटो पाठवले नाहीत, एकदम समोर ठेवू.

१४ मार्च, सकाळी ७
सातला उठलो! भट्टी लावली. ताईने फोनवर एकेक आकडा सांगितला, दोनदा वदवून घेतला. हळू चढव, घाई करू नकोस. केली नाही.

सकाळी १०
भट्टीतून वास येतोय. काय वास! केक थोडा जास्त भाजल्यासारखा. मातीची इतकी हुबेहूब घरं की वाससुद्धा बिस्किटाचा. शेजारचा शिंपी भिंतीवरून डोकावून म्हणाला, काय बनवताय, आम्हालाही द्या. मी म्हणालो, माती आहे, काका. तो म्हणाला, द्यायचं नसेल तर नका देऊ, खोटं कशाला बोलता.

सकाळी ११
धूर. काळा. झाकणाच्या फटीतून. शिंपी पुन्हा डोकावला. म्हणाला, करपलं वाटतं. मी म्हणालो, प्रक्रिया आहे. खिडक्या उघडल्या. आप्पा दारात उभे राहून भट्टीकडे बघत होते. त्यांचा चेहरा कोणी गावाला चाललंय असा झाला होता. म्हणाले, सगळीच घातलीस का आत? मी म्हणालो, सगळी. ते आत जाऊन झोपले.

दुपारी २
धूर थांबला. म्हणजे जमलं.

१५ मार्च
भट्टी निवतेय. उघडायची नाही, ताईची सक्त ताकीद. उघडली नाही. दिवसभर चॅनेलचं नाव बदललं.

उद्या ताई येणार. बेकरीवाल्या बाईही येणार, स्वतः न्यायला. दोघींच्या समोरच झाकण उघडायचं ठरवलंय. फोटोसाठी पडदे बाजूला केले, टेबल पुसलं, ताईसाठी खुर्ची ठेवली.

१६ मार्च, संध्याकाळी
झाकण उघडलं.

नऊ घरं. तपकिरी, नीट, सरळ. एकाच्याही अंगावर आयसिंग नाही. एक रेघ नाही, एक थेंब नाही. जिथे महिरपी होत्या तिथे विटकरी डाग. नऊ टकलं.

पहिल्यांदा मी म्हणालो, कोणीतरी काढलं. कोण काढणार, दोन दिवस बंद भट्टीतून? तरी म्हणालो.

ताईने डाव्या हाताने एक घर उचललं, उलटं केलं, डागावरून नख फिरवलं. गळून पडलं असतं तर खाली कपच्या असत्या, ती म्हणाली. खाली काहीच नव्हतं. मग तिने टेबलावरचा रिकामा डबा उचलला आणि नाकाशी नेला. मग बाईंकडे दिला. बाईंनीही हुंगला. बाई म्हणाल्या, हा तर मी पाठवलेला नमुना. मग म्हणाल्या, तरीच. नंतर दोन डबे आणखी मागवले होते, मला वाटलं तुमच्याकडे कोणाचा वाढदिवस आहे.

नऊ घरांवर साखर. खरी. भट्टीत हजार डिग्रीला जळून गेली.

मी म्हणालो, मला चव घेऊन बघायची काय गरज, मला सांगितलं माती आहे. कोणी सांगितलं, ताईने विचारलं. मीच सांगितलं होतं. आप्पांना. रोज.

ताई आप्पांच्या खोलीत गेली. पलंगाखालून डबा निघाला, तळाला दोन बोटं उरलेला. आप्पा म्हणाले, मला कोणी विचारलंच नाही. भावोजी कपाळाला हात लावून उंबऱ्यावर बसले.

फळीखालून निळ्या ठिपक्याचा डबाही निघाला. आप्पांनी जागा करायला तिथे सरकवला होता. आत मी मुरत घातलेलं. त्याला वास येत होता.

बाई शांतपणे बोलल्या, तेच वाईट. काच रिकामी ठेवता येत नाही, आठ दिवसांनी जेवढी होतील तेवढी घेईन, बाकी बिस्किटाची ठेवीन, नेहमीसारखी. ताईने विचारलं, आणि कपबशा? बाई म्हणाल्या, बघू. दारातून वळून म्हणाल्या, हाताला जपा.

ताई ओरडली नाही. मी वाट बघत होतो. तिने नऊ घरं मोजून पुन्हा फळीवर ठेवली, एकेक करून, डाव्या हाताने. मी मदतीला पुढे झालो तर म्हणाली, नको.

१७ मार्च
काही नाही.

१८ मार्च
बॅग भरली. भावोजी म्हणाले, आता कुठे? मी म्हणालो, बघतो. ते म्हणाले, तू नेहमी बघतोसच. बॅग पलंगाखाली सरकवली. आप्पांच्या डब्याच्या जागी.

१९ मार्च
बाईंचा निरोप. कपबशांचं काम एका कारखान्याला दिलं. ताईने तो भाजी निवडत ऐकला. फोन ठेवून उरलेली भाजी निवडली. पुढच्या महिन्यातल्या प्रदर्शनाचा फॉर्म आज तिने भावोजींकडून भरून घेतला. खोकी कोण उचलणार, भावोजींनी विचारलं. मी 'मी' म्हणणार होतो. म्हणायच्या आधी थांबलो. असं माझं पहिल्यांदाच झालं.

२० मार्च
ताई म्हणाली, घरं देणार म्हणून शब्द दिलाय, होतील तेवढी देते. भाजलेल्या मातीवर आता आधीची पांढरी माती बसत नाही, त्याला घट्ट ग्लेझ लागतं. ते तिने डाव्या हाताने ढवळलं. मी म्हणालो, मी करतो. ती म्हणाली, तू आण. मी डबा आणला. तिने उघडला, बोट लावलं, चव घेतली. मग माझ्यासमोर धरला. मी पण घेतली. चुन्यासारखं, खरखरीत. थुंकलो. ती म्हणाली, हं, हेच.

२२ मार्च, सकाळी ११
मला काम मिळालं आहे. धरणं.

ताई डाव्या हाताने पिशवी पिळते. उजवा प्लास्टरमध्ये, मांडीवर. डावा थरथरतो, म्हणून समोरचं घर हलता कामा नये. ते मी धरतो. दोन्ही हातांनी, तळाशी. बोलायचं नाही, वाकायचं नाही, नाक खाजलं तर खाजू द्यायचं. पहिले दोन तास मी हे काम कसं सुधारता येईल याचा विचार करत होतो. घराखाली ठेवायचा फिरता स्टँड, असं काहीतरी. तिने विचारलं, काय विचार करतोयस, घर हललं. तेव्हापासून करत नाही.

तिची रेघ वाकडी येते. थेंब बसके येतात. एक छप्पर व्हायला सकाळ जाते. नऊ तारखेच्या माझ्या फोटोंपुढे हे काहीच नाही. तिने ते फोटो फोनमधून काढलेले नाहीत. आज सकाळी एक उघडून समोर ठेवला होता. म्हणाली, थेंब असा हवा.

दुपारी १.१५
एक घर पूर्ण. नवांतलं पहिलं. बाईंनी दिलेल्या दिवसांत बहुतेक तीन होतील.

ताई म्हणाली, आता सोड. सोडलं नाही. ओलं होतं. ती म्हणाली, अरे, सोड, झालं. मग बघितलं, तर बोटं उघडत नव्हती. तिने तिच्या डाव्या हाताने एकेक करून उघडली.